निळी रेघ

त्र्यंबकेश्वर हे ज्याचे जन्मग्राम, त्या मनुष्यास परगावी आपल्या गावाविषयी अभिमानाने चार शब्द बोलण्याची संधी सहसा लाभत नाही. कारण ‘गाव कोणतं?’ या एरवी निरुपद्रवी प्रश्नाला त्याने ‘त्र्यंबक’ असे उत्तर देताच विचारणाऱ्याच्या मुद्रेवर प्रथम भक्तिभाव आणि लगोलग व्यवहारभाव उमटतो, आणि तो आवाज खाली आणून म्हणतो, “मग नारायण नागबळीला साधारण खर्च किती येतो हो?” मोजणी खात्यात चौतीस वर्षे साखळ्या ओढून, हद्दीचे दगड हुडकून आणि भाऊबंदांच्या बांधांवर उभा राहून दोन्ही पक्षांच्या शिव्या खाऊन मी निवृत्त झालो; पण त्या दीर्घ अवधीत चतुःसीमेविषयी माझ्याकडून ज्यांनी काही जाणून घेतले त्यांच्याहून कालसर्प शांतीविषयी विचारणा करणाऱ्यांची संख्या निश्चितपणे अधिक भरेल. एकदा तर मला भूल देण्याची सिद्धता करून उभ्या असलेल्या डॉक्टरांनी, केसपेपरावरील माझे जन्मस्थान वाचून, सुई हातात धरूनच आपल्या मुलीच्या पत्रिकेतील राहूची हकीकत सांगावयास आरंभ केला. मी त्यांना तत्काळ मुहूर्त काढून दिला. आपली शुद्ध ज्याच्या हाती आहे त्याला ‘मी भिक्षुक नव्हे, सरकारी नोकर आहे’ असे सांगण्याइतका मी सत्यनिष्ठ नाही.

अशा मनुष्याचे गाव कोणी पूजेखेरीज अन्य कारणासाठी चारचौघांत दाखवील, ही आशा मी केव्हाच सोडून दिली होती. ती पुन्हा पालवली २०२२ च्या जुलैअखेरीस, म्हणजे आषाढ संपता संपता, जेव्हा माझा भाचा फोन नाचवीत घरात शिरला आणि “मामा, आता घरबसल्या रस्त्यारस्त्यांतून हिंडायचं!” असे म्हणाला. गूगल कंपनीची ‘स्ट्रीट व्ह्यू’ नामक ही सोय अमेरिकेत २००७ साली सुरू झाली. २०११ मध्ये तिच्या गाड्या बंगळूरच्या रस्त्यांवर अवतरल्या तेव्हा पोलिसांनी त्या थांबविल्या. आणि पुढे २०२१ च्या फेब्रुवारीत सरकारने नकाशांविषयीचे नियम सैल केल्यानंतर, दोन देशी कंपन्यांच्या साहाय्याने, २७ जुलै २०२२ रोजी ती दहा शहरांत पुनरपि प्रकट झाली. टपावर कॅमेऱ्यांचा तुरा खोवलेली मोटार रस्त्याने नुसती जाते आणि मागे रस्त्याचे समग्र चित्र तयार राहते, हे ऐकून माझ्यासारख्या शंकू-साखळीवाल्यास काय वाटले असेल याची कल्पना वाचकांनी करावी. १८०२ साली मद्रासेस हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी आरंभणारा लॅम्टन, मणांनी भरणारी यंत्रे वाहून नेत, मोजीत मोजीत वीस वर्षांनी हिंगणघाटापर्यंत पोचला आणि १८२३ मध्ये तेथेच मरण पावला. मोटारीला तेवढ्या वाटेवर चहासाठी किती वेळा थांबावे लागेल एवढाच प्रश्न.

भाच्याने दहा शहरांची यादी वाचली: बंगळूर, चेन्नई, दिल्ली, मुंबई, हैदराबाद, पुणे, नाशिक, बडोदे, अहमदनगर, अमृतसर. दहांपैकी चार महाराष्ट्रातली म्हणून तो हरखला. मी मात्र सातव्या नावाशी अडखळलो. नाशिकचे आणि आमचे अंतर अवघे अठ्ठावीस किलोमीटर, परंतु त्या अठ्ठावीस किलोमीटरांत आमच्या मालकीच्या वस्तूंची नावे बदलण्याची जुनी वहिवाट आहे. नदी आमच्या डोंगरात उगम पावते, पण ‘गंगेवर जाऊन येतो’ असे ऐटीत म्हणतो तो नाशिककर. सिंहस्थ दोन्हीकडे भरतो, पण वर्तमानपत्रांच्या मथळ्यात ‘नाशिक कुंभमेळा’. फार काय, आमच्या देवाचा म्हणून जो हिरा, तो १८१८ च्या धामधुमीत इंग्रजांच्या हाती लागला, विलायतेस गेला, तेथे कोणा उमरावाच्या तलवारीच्या मुठीवर चढला, आणि जगाच्या पाठीवर त्याचे नाव पडले ‘नासक’! चोरीस गेलेल्या मालाचा पंचनामा करतानाही गाव शेजारचे लिहावे, याला मोजणी खात्याच्या भाषेत हद्दीची चूक म्हणतात. तेव्हा मोटार नाशकापर्यंत आली आणि आमच्या वाटेवरील सातपूरच्या पुढे आली नसेल, तर त्यात नवल करण्यासारखे काही नव्हते.

परंतु दैवयोग असा, की त्यानंतर काही काळाने भाचा ज्या कंपनीत नोकरीस लागला, तिने स्वतःच हलत्या नकाशाचा असाच एक उद्योग आरंभला होता आणि त्याचा ‘डेमो’ पुण्यातील एका हॉटेलात ठेवला होता. श्रोत्यांच्या खुर्च्या भरण्याची जबाबदारी कनिष्ठ मंडळींवर असल्याने भाच्याने मला नेले. “मामा, फक्त बसायचं. बोलायचं नाही,” एवढी एकच अट त्याने घातली होती.

प्रात्यक्षिक हा प्रकार वस्तुतः आमच्या गावाला नवा नव्हे. दादासाहेब फाळके, म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, हे ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकासच जन्मले. १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणल्यावर, हलती चित्रे काढणे आपल्याला साधते अशी भांडवल घालणाऱ्याची खात्री पटविणे त्यांना भाग होते. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्यापुढे कॅमेरा रोखला आणि महिनाभर रोज थोडे थोडे चित्रण करून, बीजाला अंकुर फुटून त्याचा वेल होईपर्यंतचा सारा प्रवास सुमारे मिनिटाभरात पडद्यावर दाखविला. ‘अंकुराची वाढ’ या नावाच्या त्या चित्राने पैसा उभा राहिला आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ जन्मास आला. भारतीय चित्रसृष्टीचा जनक आमच्या गावाने दिला ही गोष्ट खरी. परंतु त्या जनकाने आपल्या पहिल्या प्रात्यक्षिकासाठी ब्रह्मगिरी, कुशावर्त, गंगाद्वार ही सारी सोडून वाटाण्याची निवड करावी, हे शल्य मला पुष्कळ वर्षे होते. पुढे वयोमानाने समजूत आली. आषाढ महिन्यात ब्रह्मगिरीसमोर महिनाभर कॅमेरा लावून ठेवला असता, तर मिनिटभर पांढऱ्या धुक्याखेरीज सावकाराच्या दृष्टीस काहीही पडले नसते, आणि भारतीय चित्रपटाचा व्यवसाय तेथेच आटोपला असता.

फ्रान्सातील ल्यूमिएर बंधूंनी मात्र याहून धूर्त युक्ती योजिली होती. १८९५ च्या जूनमध्ये ल्यों येथे छायाचित्रकारांची परिषद भरली असता बोटीतून उतरणाऱ्या प्रतिनिधींचे त्यांनी चित्रण केले आणि ते त्याच परिषदेत त्याच प्रतिनिधींना दाखविले. यंत्रे पारखण्यात ज्यांची हयात गेली असे ते जाणकार. पण त्या क्षणी यंत्राकडे लक्ष देण्याची शुद्ध एकाला तरी उरली असेल, असे मला वाटत नाही. प्रत्येक जण पडद्यावर आपली टोपी शोधीत असणार. माझे पुढे जे झाले ते यावरून समजून घ्यावे.

सभागृह थंड होते. व्यासपीठावर एक तरुण गृहस्थ कॅनव्हासचे बूट घालून फेऱ्या मारीत होते आणि त्यांच्या गालाशी डासासारखा एक ध्वनिक्षेपक चिकटला होता. मुंबईचा सागरी पूल झाला, दिल्लीचे चौक झाले, आणि मग ते म्हणाले, “आता एखाद्या टिपिकल टेंपल टाउनमध्ये जाऊ.” ‘टिपिकल’ हा शब्द मला झोंबलाच होता, तोच यंत्रातून एका बाईंचा आवाज उमटला, “ट्रिंबाकेश्वार.” या उच्चारावरून मी गाव ओळखले असते तर ती सर्वज्ञता ठरली असती. मी ओळखले ते विजेच्या खांबावरून. देऊळ काय, ते पेशव्यांनी १७५५ साली बांधावयास काढून १७८६ साली पुरे झालेले काळ्या पाषाणाचे देऊळ आहे, ते कॅलेंडरावरदेखील ओळखू येते. पण कुशावर्ताकडून वळताना डाव्या हाताला झुकलेला, माझ्या बालपणापासून ‘आता पडतो की मग’ अशा अवस्थेत ताटकळत असलेला तो खांब ओळखण्यासाठी मनुष्य त्र्यंबकातच वाढलेला असावा लागतो.

“अहो, हा आमचा खांब!” असे मी म्हणालो. म्हणजे मला मनात म्हणावयाचे होते; प्रत्यक्षात सर्व सभागृह मागे वळून पाहत होते आणि भाचा खुर्चीत हळूहळू खाली सरकत होता.

विक्रेता चतुर असला म्हणजे त्याला श्रोत्यांतील वेडा मनुष्य हीही देणगी वाटते. तरुण गृहस्थ पुढे येऊन म्हणाले, “सर, तुम्ही तिथलेच? वा! मग तुम्हीच सांगा सगळ्यांना, किती ॲक्युरेट आहे.” ज्याने आयुष्यभर इतरांच्या नकाशांची स्थळावर जाऊन रुजुवात घेतली, त्याला हे विचारणे म्हणजे सुटीवर असलेल्या मामलेदाराला ‘दप्तर पाहता का?’ म्हणून विचारण्यापैकी होते. मी उभा राहिलो.

पहिली हरकत आकाशाविषयी घेतली. चित्रातले आकाश स्वच्छ निळे होते, आणि पाऊस नसलेले त्र्यंबक हे आमच्या मते अपुरे त्र्यंबक. दुसरी हरकत चेहऱ्यांची. खाजगीपणाच्या रक्षणार्थ ही यंत्रे वाटसरूंचे चेहरे पुसून टाकतात, आणि या कामी ती इतकी तत्पर असतात, की इंग्लंडातील केंब्रिजच्या एका गाईचाही चेहरा पुसला गेल्याचे २०१६ साली जगभर गाजले होते. आमच्या रस्त्यावरही पुरोहित पुसले होते, यजमान पुसले होते, रुद्राक्ष विकणारी बाई पुसली होती, आणि तसबिरींच्या दुकानातला नंदीसुद्धा पुसला होता. मात्र प्रसादाच्या पुड्याकडे टक लावून बसलेले माकड मिशांच्या केसांसह स्पष्ट आले होते. ‘सर्व विधी करून मिळतील’ या फलकांवरचे फोन नंबरही वाचता येत होते. खाजगी म्हणजे काय आणि सार्वजनिक म्हणजे काय, याचा आमच्या गावापुरता निवाडा यंत्राने फारसा चुकीचा केला होता असे नव्हे, पण मी हरकत नोंदविली.

तिसऱ्या हरकतीपूर्वी माझे लक्ष त्याच रस्त्यावर पाठमोऱ्या उभ्या असलेल्या एका आकृतीकडे गेले. कोरड्या ठणठणीत दिवशी बगलेत मिटलेली छत्री, दुसऱ्या हातात कापडी पिशवी, आणि उजवा खांदा डाव्याहून दोन अंगुळे खाली. चेहरा पाठमोराच असल्याने यंत्राला पुसावयास काही मिळाले नव्हते. पण थोरल्या भावाची पाठ ओळखण्यास धाकट्या भावाला चेहरा लागत नाही. लहानपणी त्या पाठीमागून मी गंगाद्वाराच्या साऱ्या पायऱ्या चढलो आहे. “अण्णा!” असे मी म्हणालो, आणि या वेळी ते मनात म्हणण्याचा प्रयत्नही केला नाही.

येथपर्यंत सर्व ठीक होते. तरुण गृहस्थांनी टाळ्या वाजविल्या, श्रोत्यांनी वाजविल्या, आणि या सुखद वातावरणात त्यांनी एक कळ दाबून चित्रावर नकाशाच्या रेषा आणल्या. रस्ते पिवळे झाले, देवळे नारिंगी झाली. आणि भर बाजारपेठेतून, दुकानांच्या पुढून, उभ्या असलेल्या एका रिक्षाच्या खालून, एक ठसठशीत निळी रेघ वाहू लागली. रेघेवर लिहिले होते: गोदावरी.

सभागृहात हशा पिकला. रिक्षा नदीत उभी होती, भजी नदीत तळली जात होती. तरुण गृहस्थ क्षणभर गोरेमोरे झाले, मग हसून म्हणाले, “सॉरी, हा डेटाचा एरर आहे. नदी रस्त्यावर चढलीये. पुढच्या व्हर्जनमध्ये काढून टाकू.”

“काढू नका!” मी ओरडलो. “एवढं एकच बरोबर आहे!”

मग मला व्यासपीठावर जावे लागले. तेथून मी जे सांगितले त्याचा सारांश असा, की ही नदी जन्मापासूनच लपंडाव खेळणारी. गौतम ऋषींनी तपश्चर्या करून गंगेला ब्रह्मगिरीवर आणले, तर ती एका ठिकाणी प्रकटावी आणि दुसऱ्या क्षणी गुप्त व्हावी. शेवटी ऋषींनी अभिमंत्रित दर्भाने तिला चहूकडून वेढले, आणि जेथे वेढले ते कुशावर्त. पुढील काळातील लोकांपाशी तपश्चर्या नव्हती, परंतु सिमेंट होते. त्यांनी गावातून वाहणाऱ्या पात्रावर स्लॅब टाकला, स्लॅबवर रस्ता आला, रस्त्यावर बाजार आला, आणि जी नदी येथून निघून चौदाशे पासष्ट किलोमीटर चालत राजमहेंद्रीपलीकडे समुद्राला मिळते, ती आपल्या जन्मगावातच जमिनीखालून मुकाट्याने जाऊ लागली. दर्भाने अडवलेली नदी निदान दिसत तरी होती. तेव्हा डोळ्यांना रस्ता दिसतो हे खरे, आणि नकाशाला नदी दिसते हे त्याहून खरे. हा दस्तऐवज तुमच्या हातून चुकून खरा झालेला आहे. त्यात खाडाखोड करू नये.

सभागृह शांत झाले होते. एवढे एकाग्र श्रोते मला उभ्या आयुष्यात लाभले नव्हते. पहिल्या रांगेतील एका सुटाबुटातील गृहस्थांनी हात वर केला. कंपनीत मोठे भांडवल घालावयास आलेले ते हेच, असे भाच्याने मागाहून सांगितले. गंभीर चेहऱ्याने ते म्हणाले, “तुम्ही एवढे माहीतगार दिसता म्हणून विचारतो. कालसर्प शांती एका दिवसात उरकते का?”

उरलेले प्रात्यक्षिक झाले नाही. चहाच्या वेळी हलत्या नकाशाच्या टेबलापाशी कोणी नव्हते आणि माझ्याभोवती वर्तुळ जमले होते. तरुण गृहस्थही त्यात होते. त्यांना मंगळ होता.

रात्री अण्णांना फोन लावला. कॅमेऱ्याची मोटार आठवते का, असे विचारताच ते म्हणाले, “न आठवायला काय झालं? वळणावर आडवी लावली होती. मी म्हटलं ड्रायव्हरला, बाबा, गाव कोणतं, आडनाव काय?” आमच्या तीर्थोपाध्यायांचा हा प्रश्न ज्यांनी ऐकला असेल त्यांना पुढचे सांगावयास नको, पण ज्यांनी ऐकला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तीर्थास आलेल्या प्रत्येक कुळाचे नाव, गाव, बरोबर कोण होते, कोणत्या निमित्ताने आले, हे सारे उपाध्याय आपल्या वहीत लिहून घेतो आणि खाली यजमानाची सही घेतो. वह्या बापाकडून मुलाकडे येतात, आणि गाव-आडनाव कळताच संबंधित वही, संबंधित पान, काही मिनिटांत यजमानापुढे उघडे होते. ड्रायव्हर वैजापूर तालुक्यातला निघाला. अण्णा त्याला घरी घेऊन गेले, फडताळातून लाल कापडात बांधलेले बाड काढले, आणि शके १८४२ च्या पानावर त्याच्या पणजोबाचे नाव दाखविले: अक्षर मोडी, सही येत नसल्यामुळे शेजारी निशाणी नांगराची.

“मग?” मी विचारले.

“मग काय? तो पोरगा बराच वेळ त्या नांगरावरून बोट फिरवत बसला. बाहेर त्याचा साहेब हॉर्न वाजवतोय, वाजवतोय. शेवटी मी त्याचं नाव लिहून घेतलं, पोराबाळांची नावं घेतली, सही घेतली. दक्षिणा द्यायला लागला तर म्हटलं, राहू दे, मोटार हलव.”

अण्णांचे ते चित्र मोटारीने घेतले ते यानंतरचे, की आधीचे, हे मात्र त्यांना सांगता आले नाही. छत्री का घेतली होती, यावर ते म्हणाले, “त्र्यंबक आहे हे.”

तीन महिन्यांनी भाचा घरी आला तो जरा तोंड चुकवीतच. नवी आवृत्ती निघाली होती. आकाश तेच होते, खांब तोच होता, नंदीचा चेहरा परत आला होता. आणि बाजारातली निळी रेघ गेली होती. गोदावरी आता गाव संपल्यावर, जेथे स्लॅब संपतो तेथे, कोणाचीही कोणी नसल्यासारखी एकाएकी सुरू होत होती. ‘युजर फीडबॅकवरून दुरुस्त केले,’ अशी टीपही होती. तो युजर मीच, हे भाच्याने सांगितले नसते तरी चालले असते.

मी त्याच रात्री मेजाशी बसलो आणि फुलस्केप कागदाला समास सोडून अर्ज लिहिला. ‘विषय: मौजे त्र्यंबक येथील गोदावरी नदी पूर्ववत रस्त्यावर ठेवणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदर नदी अर्जदाराचे समक्ष व वडिलोपार्जित वहिवाटीने सदर ठिकाणाहून वाहत असून, केवळ दृष्टीस पडत नाही या कारणास्तव तिचे नाव दाखल्यातून कमी करणे उचित नाही. सबब फेरफार रद्द व्हावा, ही विनंती. सोबत: थोरल्या बंधूंचा जबाब.’ खाली सही केली, तारीख घातली आणि चौतीस वर्षांच्या सवयीने वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्पही लावला.

भाच्याने कागद हाती घेऊन दोनदा वाचला. “मामा, हे ऑनलाइन भरायचं असतं. दोनशे अक्षरं मावतात,” तो म्हणाला. “बरं, मजकूर मी बसवतो कसातरी. पण हा स्टॅम्प कुठे चिकटवू?”

“वर, डाव्या कोपऱ्यात,” मी म्हणालो. “आणि पोच घेतल्याशिवाय उठू नकोस.”